मिस्सानंतरचा आठवडा: कॅथलिक श्रद्धा रोजच्या जगण्यात कशी उतरते?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ साली आधुनिक जगाविषयीचा आपला मोठा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात एक कठोर निदान आहे. माणसं जी श्रद्धा तोंडाने कबूल करतात आणि रोज जसं जगतात, त्यांतली फारकत ही आपल्या काळातल्या अधिक गंभीर चुकांमध्ये मोजली पाहिजे, असं परिषद म्हणते. तिच्या डोळ्यांसमोर दोन प्रकारचे लोक होते. आपलं खरं घर स्वर्गात आहे म्हणून इथल्या कर्तव्यांकडे पाठ फिरवणारे, हे पहिले. धर्म म्हणजे उपासना आणि ठरलेली काही कर्तव्यं एवढंच समजून उरलेला सगळा वेळ व्यवहारात बुडून जाणारे, हे दुसरे. पहिला प्रकार आज क्वचित दिसतो. दुसऱ्यात आपल्यापैकी बहुतेक जण मोडतात. हा लेख त्या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

श्रद्धा रोजच्या जगण्यात आणायची म्हटलं की पहिला विचार मनात येतो तो आणखी काहीतरी करण्याचा. आणखी एक रोझरी (जपमाळ), आणखी एक नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), आणखी एखादी प्रार्थनासभा. या गोष्टी चांगल्याच आहेत. पण ख्रिस्तसभेची, म्हणजे चर्च या संस्थेची, शिकवण नीट वाचली तर तिचा भर दुसरीकडे दिसतो: जे काम आपण तसंही करणारच आहोत, ते कसं करतो, यावर.

पवित्र होणं कुणासाठी आहे?

पवित्र जीवन हे धर्मगुरू आणि धर्मभगिनींचं काम, बाकीच्यांनी जमेल तेवढं करावं, अशी समजूत पूर्वी सर्रास होती आणि आजही पुरती गेलेली नाही. १९६४ साली याच परिषदेने ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात एक अख्खं प्रकरण या समजुतीच्या विरोधात लिहिलं. स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेल्या प्रत्येकाला, मग तो विवाहित असो, नोकरदार असो, आजारी असो, पूर्ण पावित्र्याचं आमंत्रण आहे. त्यात वरचा वर्ग आणि खालचा वर्ग नाही.

हा विचार विसाव्या शतकातच सुचला असं नाही. जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस द सेल्स यांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला प्रापंचिकांसाठी लिहिताना हेच सांगितलं होतं. बिशपने एकांतवासी संन्याशासारखं राहायचं ठरवलं, संसारी माणसाने पैसा जोडायचाच नाही असा पण केला, कारागीर दिवसभर चर्चमध्येच बसून राहिला, तर ती भक्ती विसंगत आणि हास्यास्पद ठरेल, असं ते म्हणत. भक्ती ज्याच्या त्याच्या जीवनस्थितीला साजेशी हवी. लहान मूल रडत असताना आई प्रार्थना सोडून त्याला उचलते, तेव्हा ती देवापासून दूर जात नाही. त्या क्षणी तिचं कर्तव्य हीच देवाची इच्छा असते.

हे कळायला सोपं आणि पचायला जड आहे. आपल्याला दुसऱ्याची जीवनस्थिती नेहमी अधिक पवित्र वाटते. १८४४ साली फ्रान्समधल्या व्हाल या गावी येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट या संन्यासी संघाचे, तरुण विद्यार्थी असेच अस्वस्थ होते. दूरच्या मिशनांवर जायची त्यांना घाई झाली होती आणि अभ्यासात मन लागत नव्हतं. त्यांचे मार्गदर्शक फादर गोत्रले यांनी त्यांना सुचवलं, की आज समोर असलेला अभ्यास, त्याचा कंटाळा, इथली शिस्त हेच रोज सकाळी देवाला मिशनकार्यासाठी अर्पण करा. त्यातून एक जगभर पसरलेली प्रार्थना-चळवळ उभी राहिली. अनेक कॅथलिक घरांमध्ये सकाळी उठल्यावर म्हटली जाणारी दिवसाच्या अर्पणाची प्रार्थना तिनेच घरोघरी नेली. या प्रार्थनेला अर्धं मिनिट पुरतं. आजची कामं, आनंद, त्रास, सगळं प्रभू येशूच्या अर्पणात मिळवून देवाला द्यायचं आणि कामाला लागायचं.

वेदीवर काय ठेवायचं?

मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, भाकर आणि द्राक्षारस अर्पण करताना धर्मगुरू जे शब्द म्हणतात, त्यांत या देणग्या माणसाच्या हातच्या श्रमाचं फळ आहेत असा उल्लेख येतो. माझ्या मते रविवार आणि सोमवार यांना जोडणारा सांधा नेमका इथे आहे, आणि तो आपल्या सहज लक्षात येत नाही, कारण त्या वेळी आपण अर्पणासाठी पाकीट शोधत असतो.

१९६४ च्या त्याच दस्तऐवजात हा सांधा उलगडून सांगितला आहे. प्रापंचिकांची सगळी कामं, प्रार्थना, विवाह आणि कुटुंबजीवन, रोजची मेहनत, शरीराची आणि मनाची विश्रांतीसुद्धा, पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने केली तर आध्यात्मिक अर्पण होतात. धीराने सोसलेला त्रासही त्यात येतो. मिस्सात हे सगळं प्रभूच्या शरीराबरोबर पित्याला वाहिलं जातं. विश्रांतीचं नाव या यादीत आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. थकलेल्या माणसाची झोपही देवाच्या हिशेबात धरली आहे.

म्हणून अर्पणाच्या वेळी मनात गेल्या आठवड्यातली एखादी नेमकी गोष्ट आणावी: न संपलेलं काम, आजारी आईची शुश्रूषा, सहकाऱ्याशी झालेलं भांडण. ‘देवा, माझं सगळं घे’ असं मोघम म्हणण्यापेक्षा हे अवघड जातं, कारण नेमकी गोष्ट आणली की ती कशी केली होती हेही आठवतं.

रविवारच्या बंधनाबद्दल बरेच गैरसमज असतात. रविवारी आणि नेमलेल्या सणांना मिस्साला जाणं हे कॅथलिकांसाठी बंधनकारक आहे. आदल्या संध्याकाळच्या मिस्साने ते पूर्ण होतं. आजारपण, तान्ह्या बाळाची देखभाल अशा खऱ्या कारणाने जाता आलं नाही तर ते पाप नाही. रुग्णालयात, पोलिसांत, वाहतुकीत काम करणाऱ्यांना रविवारी राबावं लागतं. कुटुंबाची गरज आणि समाजाची महत्त्वाची सेवा ही विश्रांतीच्या नियमातून सूट मिळण्याची रास्त कारणं मानली आहेत. पडद्यावरची मिस्सा अंथरुणाला खिळलेल्यांसाठी मोठा आधार आहे. धडधाकट माणसाला मात्र ती पर्याय होत नाही, कारण तिथे एकत्र जमणं आणि ख्रिस्तशरीर (मिस्सात अर्पण झालेली भाकर) स्वीकारणं या दोन्ही गोष्टी राहून जातात.

आणि दुसऱ्याचा रविवार? आपली मागणी लगेच पुरी व्हावी म्हणून हाताखालच्या माणसाला सुटीच्या दिवशी कामाला लावणं टाळावं, हेही याच शिकवणीत येतं. संत लुई मार्तां हे फ्रान्समधले घड्याळजी. रविवारी दुकान उघडलं तर गिऱ्हाईक वाढेल असं सांगितलं जात असतानाही त्यांनी ते बंदच ठेवलं. त्यांची पत्नी संत झेली लेस विणण्याचा व्यवसाय चालवायची. या दोघांना २०१५ साली एकत्र संतपद दिलं गेलं. धाकटी संत तेरेसा ही त्यांचीच मुलगी.

सातवी आज्ञा आणि कामाची जागा

‘चोरी करू नको’ ही आज्ञा ऐकून आपण निर्धास्त असतो. आपण काही कुणाच्या घरात शिरत नाही. पण १९९२ च्या कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात या आज्ञेखाली काय काय येतं ते पाहिलं तर निर्धास्तपणा उरत नाही. उसनी घेतलेली किंवा सापडलेली वस्तू मुद्दाम परत न करणं. व्यापारात फसवणूक. अन्याय्य वेतन देणं. दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन किंमत वाढवणं. संस्थेची मालमत्ता खासगी कामाला वापरणं. वाईट प्रकारे केलेलं काम. कर चुकवणं. खोटी बिलं. अवाजवी खर्च आणि उधळपट्टी.

‘वाईट प्रकारे केलेलं काम’ हे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ त्यांच्यापाशी अडकलो. पगार पूर्ण घ्यायचा आणि काम उरकून टाकायचं, ही चोरीची एक जात आहे, असं ख्रिस्तसभा सांगते. न वाचता दिलेली सही, न तपासता पुढे ढकललेली फाईल, तयारी न करता घेतलेला तास, हे सगळं त्यात येतं. याची दुसरी बाजूही तितकीच ठाम आहे. मालकाने न्याय्य वेतन दिलं पाहिजे. नुसत्या करारावर दोघांच्या सह्या झाल्या म्हणून तुटपुंजं वेतन न्याय्य ठरत नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालीच कामगारांविषयीच्या परिपत्रकात हे बजावलं होतं. घरी कामाला येणाऱ्या माणसाला आपण काय देतो, किती उशिरा देतो, हा प्रश्न या आज्ञेच्या थेट कक्षेत येतो.

शिवाय या आज्ञेला परतफेडीची अट जोडलेली आहे. चोरलेलं किंवा बुडवलेलं शक्य तितकं परत करावं लागतं. पापनिवेदन केल्याने, म्हणजे धर्मगुरूंपुढे पाप कबूल करून क्षमा मागितल्याने, ते देणं माफ होत नाही.

कामाच्या ठिकाणचा सर्वात नाजूक प्रश्न वेगळाच असतो: चूक मी करत नाही, पण जिथे ती होते तिथे मी नोकरी करतो, मग मीही दोषी का? यासाठी नीतिशिक्षणात शतकानुशतकं घासून तयार झालेला एक विचार आहे. संत आल्फोन्सस लिगोरी यांनी अठराव्या शतकात तो बारकाईने मांडला. दुसऱ्याच्या वाईट कृत्याला मनाने संमती देऊन मदत करणं नेहमीच चूक. मनाने संमती नाही, पण आपल्या कामाचा त्याला उपयोग होतो, अशा वेळी तोलून पाहायचं: माझं काम त्या कृत्याच्या किती जवळ आहे, माझ्याशिवाय ते अडेल का, होणारं नुकसान किती मोठं आहे, आणि मी तिथे टिकून राहण्याचं कारण किती गंभीर आहे. खोटं बिल स्वतःच्या हाताने बनवणारा हिशेबनीस ‘साहेबांनी सांगितलं’ म्हणून सुटत नाही. त्याच कार्यालयातले संगणक दुरुस्त करणारा माणूस त्या बिलापासून बराच दूर आहे. मात्र जे दिसतं त्याबद्दल बोलण्याची संधी मिळाली तर त्याने ती घ्यावी. या चौकटीमुळे दोन टोकं टळतात: सगळ्यातून अंग काढून घेणं आणि सगळ्याला मान डोलावणं.

आठवी आज्ञा आणि हातातला फोन

खोटी साक्ष देऊ नको, असं आठवी आज्ञा म्हणते. तिच्याखाली तीन दोष वेगवेगळे सांगितले आहेत. पुरेसा आधार नसताना दुसऱ्याने नैतिक चूक केली असं मनातल्या मनात धरून चालणं, हा पहिला. खोटं सांगून कुणाची अब्रू घालवणं, हा दुसरा. तिसरा मात्र अनेकांना नवा वाटतो: दुसऱ्याचा खरा दोष, रास्त कारण नसताना, ज्यांना तो ठाऊक नव्हता त्यांना सांगणं. म्हणजे ‘पण हे खरं आहे’ एवढा बचाव पुरेसा नाही. प्रत्येकाला आपल्या नावलौकिकाचा हक्क आहे आणि खरेपणा सांभाळूनही तो हिरावून घेता येतो.

रास्त कारण मात्र असू शकतं, हे ठासून सांगायला हवं. मुलांवर अत्याचार करणाऱ्याला, लुबाडणाऱ्याला ‘अब्रू’च्या नावाखाली झाकणं म्हणजे ही आज्ञा पाळणं नव्हे. ज्याला धोका आहे आणि ज्याच्याकडे थांबवण्याचा अधिकार आहे, त्यांना सांगणं कर्तव्यच ठरतं. ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या संस्थांमध्ये अनेक ठिकाणी ही गल्लत झाली, आणि तिची किंमत निरपराध मुलांनी मोजली.

आता हे तिन्ही दोष गटातल्या संदेशांना लावून पाहा. कुणाच्या तरी घटस्फोटाची बातमी, एखाद्या समाजाबद्दलचा संतापजनक व्हिडिओ, धर्मग्रामातल्या (स्थानिक चर्चच्या समुदायातल्या) एखाद्याच्या कर्जाची कुजबुज. पुढे पाठवायला बोटाची एक हालचाल लागते आणि आपण काही बोललो असं वाटतही नाही. पण पुढे पाठवणं म्हणजे सांगणंच. परतफेडीचा नियम इथेही आहे. ज्याची अब्रू गेली त्याची ती भरून द्यायची. जाहीरपणे शक्य नसेल तर खासगीत. म्हणजे ज्या गटात खोटी गोष्ट टाकली, त्याच गटात ‘ते खोटं होतं, मी पाठवायला नको होतं’ असं लिहायचं. एका पापनिवेदनापेक्षा हे एक वाक्य लिहिणं कित्येकांना अवघड वाटेल.

श्रद्धेच्या बचावासाठी केलेली शिवीगाळही यातून सुटत नाही. इतर धर्मीयांबद्दल, इतर ख्रिस्ती पंथांबद्दल, किंवा पोप महोदयांबद्दल वेगळं मत असलेल्या कॅथलिकांबद्दल जे काही कॅथलिक म्हणवणारे लोक लिहितात, ते वाचून खरोखर वाईट वाटतं. १९६५ साली परिषदेने जाहीर केलं की इतर धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही.

‘माझं मन मला सांगतं’

सदसद्विवेकबुद्धीचं पालन करावं, ही कॅथलिक शिकवण आहेच. विवेकाने खात्रीपूर्वक दिलेल्या निर्णयाविरुद्ध वागणं चूक ठरतं. पण विवेक आणि मनाचा कल एक नव्हेत. विवेक चुकू शकतो, म्हणून तो घडवावा लागतो: शुभवर्तमान वाचून, ख्रिस्तसभेची शिकवण समजून घेऊन, जाणत्या माणसाचा सल्ला घेऊन, प्रार्थनेत. सत्य शोधायची फिकीरच न केल्यामुळे विवेक चुकला असेल तर ‘मला माहीत नव्हतं’ हे कारण चालत नाही.

निर्णय तपासताना तीन गोष्टी पाहायच्या: कृती मुळात काय आहे, हेतू काय आहे, परिस्थिती काय आहे. कृती मुळातच वाईट असेल तर चांगला हेतू तिला चांगली करत नाही. चांगल्या कृतीमागे मिरवण्याचा हेतू असेल तर तीही बिघडते. उपचार, अपत्यजन्म, आयुष्याच्या अखेरीचे निर्णय यांत ही चौकट रोज लागते. तिथे एकट्याने घाईत ठरवण्यापेक्षा, वेळ हातात असतानाच शिकवण समजून घेतलेली बरी.

रात्रीची पंधरा मिनिटं

एकच सवय लावायची असेल तर कुठली, असं कुणी विचारलं तर मी येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशिअस लोयोला यांनी शिकवलेलं आत्मपरीक्षण सांगेन. पाच पायऱ्या आहेत. मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार. स्वतःचं खरं रूप दिसावं म्हणून कृपेची याचना. मग दिवस तासातासाने आठवायचा. आधी विचार, मग बोलणं, मग कृती. चुकलं त्याची क्षमा. आणि उद्यासाठी निश्चय.

आभार पहिले आहेत, हा क्रम बदलू नये. आभारांशिवाय सुरू केलेलं परीक्षण लवकरच स्वतःला फटकारत बसण्यात संपतं. काहींना तर प्रत्येक गोष्टीत पाप दिसू लागतं आणि पापनिवेदन करूनही मन शांत होत नाही. इग्नाशिअस स्वतः स्पेनमधल्या मान्रेसा इथे या यातनेतून गेले होते. अशा माणसाने एकाच धर्मगुरूचं मार्गदर्शन धरावं आणि त्यांनी ‘पुरे’ म्हटलं की थांबावं, असा जुना आणि शहाणा सल्ला आहे.

शुक्रवार आणि उपवासाचे नियम थोडक्यात. प्रत्येक शुक्रवार हा प्रायश्चित्ताचा दिवस आहे. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार चौदा वर्षं पूर्ण झालेल्यांनी मांस वर्ज्य करायचं असतं, मात्र त्याऐवजी दुसरं प्रायश्चित्त, विशेषतः दयेचं काम, ठरवण्याचा अधिकार त्या त्या देशाच्या बिशप-परिषदेला आहे. भस्म बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपवासही असतो. तो अठरा वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत लागू आहे. उपवासात वाचलेलं गरजूच्या हाती पडावं, ही त्यामागची फार जुनी अपेक्षा आहे.

खूप वर्षांनी परतताना

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मी तर दहा-पंधरा वर्षांत चर्चची पायरी चढलेलो नाही, मी सुरुवात कुठून करू? पापनिवेदनापासून. गंभीर पाप ठरायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: बाब गंभीर, पूर्ण जाणीव, आणि मुद्दाम दिलेली संमती. अशी जी पापं आठवतात ती वर्षातून किमान एकदा सांगायची असतात. प्रामाणिक प्रयत्न करूनही जे आठवलं नाही, त्याची क्षमा त्यातच होते.

धर्मगुरूंना आधीच सांगावं, ‘फादर, खूप वर्षं झाली, कसं करायचं ते विसरलोय.’ पश्चात्तापाची प्रार्थना येत नसेल तर ते शब्द सुचवतात. तिथे सांगितलेलं कुठल्याही कारणाने, कुणालाही ते सांगू शकत नाहीत. मुद्दाम थेट उघड करणारा धर्मगुरू आपोआप ख्रिस्तसभेतून बहिष्कृत होतो, इतकं ते बंधन कडक आहे. विवाह ख्रिस्तसभेच्या नियमाबाहेर झालेला असेल किंवा दुसरा काही गुंता असेल, तर पापनिवेदनाच्या रांगेत तो सुटणार नाही. धर्मगुरूंकडे वेगळी वेळ मागावी. तो गुंता सुटेपर्यंतही मिस्साला येण्याची, प्रार्थनेची आणि धर्मग्रामाच्या सेवाकार्यात हातभार लावण्याची वाट मोकळीच असते.